सुट्टीत अटॅक आला, बोर्ड आउट झालो, आता अपील करू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका माजी जवानाने लिहिलंय. वय 36. 2009 ला भरती, नायक रँक. काश्मीरमध्ये आरआरमध्ये, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये, दोन वर्षं होत आली होती. मे 2022 मध्ये बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर आले आणि घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी हार्ट अटॅक आला. आधी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग नागपूर, तिथं स्टेंट टाकला, पण उशीर झाल्यामुळे हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. पुढे मिलिटरी हॉस्पिटल, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड होऊन ते घरी आले, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाने तब्येतीमुळे अनफिट ठरवून नोकरीतून काढलं, यालाच बोर्ड आउट म्हणतात. बोर्डाच्या कागदावर 30 टक्के डिसेबिलिटी, कायमची, आणि पुढे एनएएनए, म्हणजे फौजेत सगळे ज्याला नाना म्हणतात ते: आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. इनव्हॅलिड पेन्शन सुरू आहे, डिसेबिलिटी पेन्शन नाकारली. अपील केलं नाही. ते लिहितात, "कागदावर सही मीच केली. अटॅक सुट्टीत आला त्याला फौज काय करणार. बाजूच्या गावच्या एकाचा सुरुंगात पाय गेला, त्याच्यासमोर मी कोणत्या तोंडानं मागू? अन् 30 टक्केच लिहिलं म्हणजे 70 टक्के तर मी धडधाकट आहो ना, तरी घरी बसून बायकोच्या जिवावर खातो." एक एजंट केस जिंकून देतो म्हणतो, मिळणाऱ्या रकमेत चौथा हिस्सा मागतो. आणि शेवटी एक ओळ: "मी खर्रा खात होतो, हे कोणाला सांगितलं नाही."

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रात तब्येतीबद्दल चार ओळी आहेत आणि लाजेबद्दल दोन पानं. मी फौजेत क्लर्क होतो, बोर्डाचे कागद माझ्या टेबलावरून बरेच गेले, आणि हे कायम पाहिलंय की बोर्ड आउट झालेला माणूस त्या कागदाला स्वतःचं चारित्र्य प्रमाणपत्र समजून घरी नेतो. ट्रंकेत ठेवतो, पुन्हा उघडत नाही. तुम्हीपण तेच केलं. म्हणून आधी त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते बघू, मग अपीलाचं बोलू.

पहिली गोष्ट, ते 30 टक्के. बोर्ड टक्केवारी काढते तेव्हा त्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून शरीराचं किती नुकसान झालं ते लिहिते, आणि नियमातच असं आहे की माणूस अमुक कामातून किती कमावू शकतो याचा त्यात विचार करायचा नाही. मग 30 टक्क्यांवरून 70 टक्के वखर हाकता येईल, 70 टक्के पोती उचलता येतील असा हिशोब निघतच नाही भाऊ. ज्याचं पंपिंग कमी झालं त्याला जिना चढताना दम लागतो, पाठीवर 16 लिटरचा पंप घेऊन पऱ्हाटीत फवारणी करणं त्याचं काम नाही, आणि यात आळस कुठून आला? तुमच्याच कागदावर मेडिकल कॅटेगरी पी-5 लिहिली असणार, म्हणजे लष्करी सेवेसाठी कायम अनफिट. ज्या फौजेने तुम्हाला एवढी वर्षं पहाडात चालवलं तिनेच लिहून दिलं की आता नाही चालवू शकत. गावातल्या चौकात बसणाऱ्याने "दिसतो तर चांगला" म्हटलं म्हणून ते बदलत नाही.

इथंच अजून एक घोटाळा लोक करतात तो सांगून टाकतो. फौजेची टक्केवारी आणि सिव्हिलची दिव्यांग टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिव्हिलमध्ये 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिलेत आणि सवलतींसाठी साधारण 40 टक्के लागतात, हृदयविकार त्या 21 मध्ये नाहीच. म्हणून जिल्हा रुग्णालयात जाऊन "मला फौजेने 30 दिले, तुम्ही 10 वाढवून द्या" असं म्हणून काही होत नाही, त्यात चकरा मारू नका.

आता दुसरी गोष्ट, नाना. बोर्ड दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. एक, नुकसान किती. दोन, ते नोकरीशी जोडलेलं आहे का, म्हणजे नोकरीमुळे झालं का, किंवा झालं दुसऱ्याच कारणाने पण नोकरीने वाढलं का. तुमचा झगडा पहिल्या उत्तराशी नाहीच. डिसेबिलिटी पेन्शनला किमान 20 टक्के लागतात, तुमचे 30 आहेत, तो दरवाजा उघडा आहे. अडलं ते दुसऱ्या उत्तरावर. आणि पुष्कळ जवान उलटं करतात, टक्केवारी वाढवायच्या मागे लागतात, 30 चे 40 करा म्हणून री-सर्व्हे बोर्ड, म्हणजे पुन्हा तपासणी, मागतात, आणि ज्या रकान्यात नाना लिहिलंय तिकडे बघतच नाहीत. तो रकाना जोपर्यंत तसाच आहे तोपर्यंत टक्के वाढूनही एक रुपया वाढत नाही.

तर हा नाना का लिहिला असेल? तुमच्या पत्रावरून वाटतं की बोर्डाने लिहिलं असणार, आजाराची सुरुवात सुट्टीत, घरी, शांत ठिकाणी. आणि तुम्हीपण तेच मान्य करून बसलात, सुट्टीत आला ना अटॅक. पण भाऊ, हृदयाची नळी सुट्टीचा अर्ज मंजूर झाल्यावर बंद व्हायला सुरुवात करत नाही. तुमचा बोर्ड फेब्रुवारी 2023 चा, म्हणजे तेव्हा 2008 चे एंटायटलमेंट रूल्स (पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम) आणि त्याच सालची मेडिकल ऑफिसरांची गाइड लागू होती (नवे नियम 21 सप्टेंबर 2023 पासून आले, ते तुम्हाला नाहीत). त्या 2008 च्या गाइडमध्ये हृदयविकारासाठी स्पष्ट सांगितलंय की दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या 14 दिवसांची चार्टर ऑफ ड्यूटी बघायची, म्हणजे त्या 14 दिवसांत माणूस काय ड्यूटी करत होता ते. फील्ड, हाय अल्टिट्यूड, काउंटर इन्सर्जन्सी, म्हणजे दहशतवादविरोधी कारवाईच्या, एरियातली सेवा पण विचारात घ्यायची.

आता तुम्हीच मोजा. घरचे चार दिवस. ट्रांझिट कॅम्प, काफिला, जम्मूपर्यंतचा रस्ता, मग रेल्वे, यात दोन-तीन दिवस. उरलेला आठवडा कुठे होता तुम्ही? तुम्हीच लिहिलंय की सुट्टीवर निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत कॉर्डनमध्ये (घेराबंदीत) होतो, सलग झोप नव्हती. म्हणजे त्या 14 दिवसांतला निम्मा काळ काउंटर इन्सर्जन्सी ड्यूटीचा आहे, आणि त्याच्या मागे दोन वर्षं तेच. हे बोर्डासमोर कोणी मांडलं का? चार्टर ऑफ ड्यूटी युनिटने भरून पाठवली का, की रकान्यात नुसतं "ऑन लीव्ह" लिहून टाकलं? माझा अंदाज, नुसतं "ऑन लीव्ह" लिहिलं असणार. काश्मीरमधलं युनिट, पेशंट नागपूर-कामठीकडे, मधल्या चिठ्ठ्यांमध्ये हे राहून जातं, यात कोणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही, पण राहून जातं आणि भोगतो जवान. तुमच्या अपीलाचा कणा हा आठवडा आहे.

बाजूने निकालही आहे. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये सांगितलं की भरतीच्या मेडिकलमध्ये आजाराची नोंद नसेल आणि नंतर त्या आजारामुळे जवानाला काढलं, तर आजार नोकरीतून आला असं धरायचं, उलट सिद्ध करायचं ओझं जवानावर टाकायचं नाही, आणि बोर्डाने नुसतं नाही म्हणून चालणार नाही, कारण लिहावं लागेल. गावातले जाणकार हा निकाल पाठ म्हणून दाखवतात आणि सांगतात की केस जिंकलीच समजा. तसं नाही. तो निकाल 1982 च्या नियमांवरचा, आणि सरकारी वकील आता म्हणतात की 2008 च्या नियमांत ते गृहीत धरणं तसं राहिलं नाही. हृदयविकाराच्या केसमध्ये जवान जिंकतात तसे हरतातही. म्हणून निकालाचा दाखला द्या, पण जोर तुमच्या स्वतःच्या 14 दिवसांवर आणि दोन वर्षांच्या पोस्टिंगवर ठेवा.

सहीचं. तुम्ही म्हणता सही मीच केली, आता कसं बोलू. बोर्डाच्या फॉर्ममध्ये जवानाची सही असते ती त्याच्या स्वतःच्या निवेदनाखाली असते, आजार कधी झाला, कुठे उपचार झाले, आधी काही होतं का. डॉक्टरांच्या मतावर तुम्ही संमती दिली असं त्या सहीने होत नाही. शिवाय ज्या पत्राने डिसेबिलिटी पेन्शन नाकारली त्याच पत्रात अपील करायची मुभा लिहिलेली असते, सही केल्याने तोंड बंद होत असतं तर ती ओळ छापलीच नसती. ते पत्र ट्रंकेतून काढा आणि खालचा पॅरा वाचा.

हो, उशीर झालाय हे खरं. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, तुम्हाला तीन वर्षं उलटून गेली. पण उशीर माफ करायचा अर्ज अपीलासोबत जोडता येतो, त्यात खरं कारण लिहायचं: ऑपरेशननंतरची तब्येत, गावात सांगणारं कोणी नाही, वकिलाची ऐपत नाही. पेन्शन ही दर महिन्याची गोष्ट आहे, म्हणून कोर्टं नुसत्या उशिरावरून सहसा बाहेर काढत नाहीत. पण उशिराची किंमत मात्र लागते. 2008 च्या तरसेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अशा केसमध्ये मागची थकबाकी साधारण केस टाकण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे आता तुम्ही जितके महिने विचार करत बसाल तितके महिने मागून कापले जातील. विचार करा, पण तुरी निघेपर्यंत नको.

पैशाचं सरळ बोलतो कारण त्याशिवाय निर्णय होत नाही. उदाहरण म्हणून धरा, नायकाचं बेसिक 33,300 आणि मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, झाले 38,500. त्याचे निम्मे 19,250, साधारण या हिशोबानं तुमची आजची इनव्हॅलिड पेन्शन आहे, आणि डिसेबिलिटी पेन्शनमधलं सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीपोटीचा हिस्सा, तोही तेवढाच बसतो. वर येतं ते डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटीचा हिस्सा, ते 100 टक्के डिसेबिलिटीला त्या 38,500 च्या 30 टक्के, म्हणजे 11,550. तुमच्या 30 टक्क्यांचे 3,465 झाले असते, पण बोर्ड आउट झालेल्यांसाठी 1 जानेवारी 1996 पासून ब्रॉड बँडिंग आहे, 20 पासून 50 च्या आतली टक्केवारी 50 धरतात. म्हणून 5,775 महिना, त्यावर महागाई भत्ता. आणि मेडिकलवर निघालेल्याची डिसेबिलिटी पेन्शन इन्कम टॅक्समधून माफ आहे. तुमचे आकडे पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, बघून याच पद्धतीने स्वतः काढा, कोणी लाखोंचं आमिष दाखवलं तर हाच हिशोब त्याच्यासमोर ठेवा. चार एकर कोरडवाहूवर पावसाच्या भरवशावर राहणाऱ्या घराला दर महिन्याला एवढे पैसे म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पोरगी तिसरीत आहे म्हणता.

आता तो प्रश्न जो तुम्हाला खरा खातोय. ज्याचा पाय गेला त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं मागू.

भाऊ, तुमच्या मनात हे पक्कं बसलंय की ही पेन्शन म्हणजे शौर्याचा मान, आणि तुम्ही तो न कमावता मागताय. पण शौर्यासाठी पदकं आहेत. लढाईत, सुरुंगात जखमी झालेल्यासाठी वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी आहे, तिचा दर तुमच्यापेक्षा पुष्कळ वरचा आहे, आणि तो असायलाच पाहिजे. नियम बनवणाऱ्यांनी तुमच्या मनातला फरक आधीच केलाय. तुम्ही जे मागताय ते त्या खालच्या पायरीवरचं, नोकरीत असताना, नोकरीच्या ताणाने ज्याचं शरीर मोडलं त्याच्यासाठी ठेवलेलं. तुम्ही ते घेतल्याने त्याच्या ताटातला घास कमी होत नाही. उलट त्याच्याकडेच जा. मला वाटतं तोच माणूस आहे जो तुम्हाला सांगेल की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणाला भेटायचं, कोणता कागद आधी लागतो, कारण ज्याने स्वतः बोर्ड, कृत्रिम पाय बसवायचं सेंटर, पेन्शन सगळं पाहिलंय त्याच्याइतकं हे दुसऱ्याला कळत नाही. तुम्ही त्याला तीन वर्षं टाळताय, त्याने तुम्हाला काय केलं?

आणि "फौजेविरुद्ध केस" हा शब्दही डोक्यातून काढा. अपीलाची पद्धत फौजेनेच ठेवलीय, पहिलं अपील तुमच्याच रेकॉर्ड ऑफिसमार्फत दिल्लीला अपील कमिटीकडे जातं, तिथं नाही म्हटलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, महाराष्ट्रासाठी मुंबईचं बेंच. हे ट्रिब्युनल 2007 च्या कायद्याने जवानांसाठीच बनलंय. फौजेवर प्रेम आहे म्हणून चूक तशीच राहू द्यायची हे मला पटत नाही, ज्या घरावर जीव असतो तिथंच माणूस हक्काने बोलतो.

खर्रा. तुम्ही लिहिलं ते बरं केलं. नियमात आहे की दारू, तंबाखूच्या अतिरेकामुळे झालेल्या दुखण्याला भरपाई नाही, म्हणून तुमची भीती अगदीच खोटी नाही. पण बोर्डाच्या कागदावर त्याची नोंद आहे का हे आधी बघा. नोंद असेल तर अपीलात ती लपवू नका, लिहा की सवय होती, पण त्यासोबत दोन वर्षं काउंटर इन्सर्जन्सीची ड्यूटीही होती आणि वाढलं या दुसऱ्या रकान्याखाली, म्हणजे ॲग्रॅव्हेशनखाली विचार व्हावा. एका कारणाने दुसरं कारण पुसलं जात नाही. नोंद नसेल तर स्वतःहून कबुलीजबाब लिहायला बसू नका, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलू नका. आणि खर्रा अजून सुरू असेल (तुम्ही "खात होतो" लिहिलं, "सोडला" कुठंच लिहिलं नाही) तर तो आज बंद. स्टेंट टाकलेल्या माणसाला तंबाखू विष आहे, पेन्शन मिळाली आणि घ्यायला माणूस नाही असं मला ऐकायचं नाही. पानठेल्यावर उभं राहणं बंद केलं तर अर्धी लढाई तिथंच होते, आपल्या विदर्भात खर्रा कमी आणि ठेल्याची संगत जास्त खाल्ली जाते.

आता करायचं काय. सगळ्यात आधी आरटीआय. रेकॉर्ड ऑफिसच्या नावाने, फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर लावून पाठवा किंवा पोरासोराला सांगून केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर टाका. मागा एवढंच: माझ्या इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत, सोबत जोडलेली 14 दिवसांची चार्टर ऑफ ड्यूटी, भरतीच्या वेळच्या मेडिकलची प्रत, आणि डिसेबिलिटी पेन्शन नाकारल्याचं पत्र. आर्मी नंबर, रँक, निघाल्याची तारीख नीट लिहा. हे कागद हातात आल्याशिवाय कोणत्याही वकिलाकडे जाऊ नका, कारण त्याच्याशिवाय तुमच्या केसमध्ये दम आहे की नाही हे तोही सांगू शकत नाही, नुसतं हो हो करेल. त्यासोबत मूव्हमेंट ऑर्डर, लीव्ह सर्टिफिकेट, रेल्वे वॉरंट, काही म्हणजे काही उरलं असेल तर जपा, त्यावरच्या तारखांवरून ते 14 दिवस सिद्ध होतात. त्या वेळी तुमच्यासोबत कंपनीत असलेल्या दोघा-तिघांशी फोनवर बोला, ते अजून नोकरीत असतील तर त्यांना लिहून द्या म्हणून अडचणीत टाकू नका, पण तारखा आठवायला मदत घ्या.

एजंटला नाही म्हणा, आजच. वकील असेल तरी बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्याला मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवता येत नाही, आणि एजंट तर वकीलही नाही. पहिलं अपील म्हणजे साधा अर्ज आहे, त्याला वकील लागतच नाही. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिहून द्यायला मदत करतात, त्यांचं ते कामच आहे. 2025 पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना फुकट कायदेशीर मदत, सैनिक कार्यालयांत लीगल क्लिनिकही त्यातच आहेत, तिथं नाव घेऊन विचारा. ट्रिब्युनलपर्यंत जायची वेळ आली तर वकील करा, फी आधी ठरवा, लेखी घ्या, आणि ओरिजिनल कागद कोणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या.

अपील न करणं हाही एक रस्ता आहे, तो मी वाईट म्हणणार नाही. केस लांबते, मुंबईच्या चकरा, उत्तराची वाट बघणं, ज्याचं हृदय आधीच थकलंय त्याला हे सोसेल का हा खरा प्रश्न आहे. म्हणून माझं मत असं की पहिलं अपील नक्की करा, त्यात नुकसान काही नाही, खर्च पोस्टाचा, मिळत असलेली पेन्शन त्यामुळे बंद होत नाही. ट्रिब्युनलचं नंतर ठरवा, कागद बघून, बायकोशी बोलून. पण नको म्हणायचं तर "जमणार नाही" म्हणून म्हणा, "माझी लायकी नाही" म्हणून नको.

बायकोबद्दल. तुम्ही लिहिता तिच्या जिवावर खातो. घरात दर महिन्याला जी पेन्शन येते ती तुमच्या 13 वर्षांची आहे की नाही? ती वावर बघते, तुम्ही पेन्शन आणता, आणि पोरीला शाळेत कोण सोडतं? हिशोब, बँक, कापूस विकताना काटा बघणं, शेळ्या, हे काम नाही का? जोराची कामं सोडा. मे महिन्याच्या उन्हात आपल्याकडे धडधाकट माणूस पडतो, तुम्हाला तर लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, अशा गोळीवर उन्हात पाणी किती प्यायचं, डोस बदलायचा का हे डॉक्टरला विचारल्याशिवाय उन्हाळ्यात वावरात जाऊच नका. चालणं किती, सायकल चालवू का, वजन किती उचलू, हेही त्यांनाच विचारा. पेन्शनर आहात म्हणजे ईसीएचएसचा, माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचा, हक्क आहे, कार्ड काढलं नसेल तर या अपीलाच्याही आधी ते काढा. विकतच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेतो असं तुम्ही एका ओळीत लिहून गेलात, त्या ओळीने मला सगळ्यात जास्त भीती वाटली. रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसाआड नसते भाऊ.

आणि रात्री झोप येत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, वर्दीचा फोटो भिंतीवरून काढून ठेवला असं लिहिलंय. अटॅकनंतर मन खचणं हे खूप जणांना होतं, त्यात नोकरी अचानक गेली, वय 33, ज्या कामासाठी सगळं तारुण्य घातलं ते एका बोर्डात संपलं. याला कमजोरी समजू नका. ईसीएचएसमध्ये डॉक्टरला हेही सांगा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. फोन करा, नाव सांगायचीही गरज नाही.

जे अजून नोकरीत आहेत आणि हे वाचताहेत त्यांना दोन शब्द. लो मेडिकल कॅटेगरीत आलात, घरचे म्हणतात ये बाबा सोडून, आणि तुम्ही चिडून "स्वतःच्या विनंतीवर डिस्चार्ज" वर सही करायला निघालात, तर थांबा. जवानाला सर्व्हिस पेन्शन 15 वर्षांवर आहे. 15 च्या आत स्वतःच्या मर्जीने निघालात तर पेन्शनच नाही, ग्रॅच्युइटी घेऊन घरी. मेडिकल बोर्डाने काढलं तर गोष्ट वेगळी, या भाऊंना 13 वर्षांवर इनव्हॅलिड पेन्शन मिळाली ती म्हणूनच. हलकी ड्यूटी, शेल्टर्ड अपॉइंटमेंट (तब्येतीला झेपेल अशी जागा) मिळते का विचारा, लेखी विचारा. काही दुखणं आलं तर ॲडमिट व्हायच्या आधीच्या 14 दिवसांची ड्यूटी युनिटकडून तेव्हाच लिहून घ्या, बायकोला किंवा भावाला सांगा की कंपनी क्लर्कला फोन करून तेवढं बघा, पेशंट आयसीयूत असतो तेव्हा हे त्याला सुचत नाही. बोर्डासमोर बसाल तेव्हा आपलं निवेदन स्वतः वाचून सही करा. आणि सप्टेंबर 2023 नंतर ज्यांचा बोर्ड झाला किंवा होणार, त्यांनी वरचा माझा हिशोब जसाच्या तसा स्वतःला लावू नका, नियम बदललेत, आपल्या केसला कोणता नियम लागतो ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या.

भाऊ, तुम्ही मात्र आरटीआय या सोमवारी टाका. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर त्याचंही अपील असतं, ते मी सांगेन. कागद आले की बोर्डाने नाना का लिहिलं ते कारणांचं पान आणि चार्टर ऑफ ड्यूटीचं पान, या दोनच पानांचा फोटो नाव-नंबर झाकून मला पाठवा, पहिल्या अपीलाचा मसुदा आपण सोबत बसून लिहू.